परुळेकर बाईंचा डावा हात

परुळेकर बाई आमच्या हातांवर नॅपकिन टाकायच्या. टायपिंगच्या क्लासचा तिसरा आठवडा लागला, की धुतलेले, इस्त्री केलेले पांढरे नॅपकिन घेऊन त्या आमच्या पाठीमागून फिरायच्या आणि मशीनवरच्या दोन्ही हातांवर एकेक अलगद पसरायच्या. मग समोर पुस्तक, कानात आठ मशीनची खडखड आणि आपली बोटं नेमकी कुठे आहेत याचा पत्ता नाही. कोणी नॅपकिनचा कोपरा उचलून डोकावलं, की मागून शांत आवाज यायचा, "खाली काय सांडलंय?" सांडलेलं काही नसायचं. मान आपोआप वर व्हायची.

शिरोड्याच्या बाजारातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर आणि घराच्या पुढच्या पडवीत क्लास. आमचं घर शेजारीच, मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा. बाईंचा नवरा वेंगुर्ल्याला एका कचेरीत कारकून होता. तो अकाली गेला तेव्हा मिलिंद, त्यांचा एकुलता एक मुलगा, चौथीत होता. बाईंनी कोणाच्या दारात न जाता जुनी मशीनं जमवली आणि तीस वर्षं क्लास चालवला. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, कुठल्याही कचेरीत जा, एखाद्या टेबलामागे परुळेकर बाईंचा विद्यार्थी बसलेला असायचाच, आणि तो कीबोर्डकडे न बघता आपल्याशी बोलत टाइप करायचा.

पडवीत त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या. पडवीची पायरी उतरून अंगणात आल्या की मालवणी. एकदा एका मुलाला आत त्यांनी सांगितलं, "उद्यापासून आपण वेळेवर येत चला," आणि तोच मुलगा अंगणात आल्यावर म्हणाल्या, "सायकल बाजूक घे रे, माझी अबोली मोडलंस." दोन्हीत राग सारखाच होता. फक्त आतला राग परीक्षेच्या पद्धतीने यायचा.

मशीनवरच्या मधल्या ओळीला त्या घर म्हणायच्या. "बोटाला घर असतं. काम झालं की लगेच घरी यायचं, वाटेत रेंगाळायचं नाही." कोणी भराभर चुका करत बडवायला लागलं, की जवळ जाऊन विचारायच्या, "कोणावर ओरडतोयस?" आणि वेग वाढत नाही म्हणून कोणी रडकुंडीला आलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घाई डोळ्यांना असते, बोटांना नसते. डोळे मीट, बोटांना त्यांचं काम करू दे." मी त्यांचा लाडका विद्यार्थी वगैरे अजिबात नव्हतो. सोळाव्या वर्षी पहिल्या परीक्षेत मी नापास झालो, तेव्हा बाईंनी निकालाचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नंदू, तू वाईट नाहीस. तू बघतोस." दुसऱ्या खेपेला पास झालो, पण खरं सांगायचं तर तेव्हाही थोडंसं बघूनच.

संगणक आले, तेव्हा बाईंनी मशीनं न मोडता जोडीला दोन संगणक घेतले. मग मोबाईल आले आणि पोरं अंगठ्याने लिहायला लागली. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद झाला तो पुन्हा उघडलाच नाही. त्याच सुमारास बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजवा डोळा कळायच्या आत गेला. डाव्याचं कडेचं दिसणं गेलं, मधलं तेवढं राहिलं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते औषधाने सांभाळू. बाईंनी त्यांना विचारलं, "म्हणजे मान फिरवून बघावं लागेल, एवढंच ना?"

मी त्याच लॉकडाऊनमध्ये पुण्याहून शिरोड्याला आलो आणि घरूनच काम करायची सोय झाल्यामुळे राहिलो. मला एक जुना नाद होता, अंतराळयान चालवायच्या खेळाचा. इथे येऊन मी त्यासाठी डोळ्यांवर बांधायचा तो हेडसेट घेतला, उजव्या हाताला जॉयस्टिक, डाव्या हाताला वेगाचा दांडा म्हणजे थ्रॉटल, आणि मध्ये कीबोर्ड. माझी बायको मेधा म्हणाली, चाळिशीत माणसाने गुडघ्यांची काळजी घ्यावी, अंतराळाची नाही. पण हेडसेट लावला की मी आमच्या माडीवर नसायचो. यानाच्या खुर्चीत असायचो. मान वर केली की डोक्यावर तारे, मागे वळलो की मागे तारे, आणि समोर डोंगराएवढा अंतराळतळ, सावकाश स्वतःभोवती फिरणारा. त्याच्या दारातून आत शिरायचं आणि नेमून दिलेल्या चौथऱ्यावर यान टेकवायचं. हा सगळ्यात कठीण भाग.

कठीण अशासाठी, की यानात बसलं की आपले खरे हात दिसत नाहीत. टेबलावरचा कीबोर्डही दिसत नाही. यानाचे पाय बाहेर काढायचं बटण वेगळं, दिव्यांचं वेगळं, तळाकडे परवानगी मागायचं वेगळं, माल बाहेर फेकून द्यायचं वेगळं. अशी तीसेक बटणं, आणि सगळी आंधळ्याने चाचपावी तशी चाचपायची. हेडसेटला नाकाजवळ एक बारीक फट राहते. त्या फटीतून कीबोर्डाची एक पट्टी दिसते. मी त्या फटीवर दिवस काढत होतो.

एका दुपारी बाई मोबाईलवर आलेला कसलासा मेसेज वाचून घ्यायला वर आल्या. मला कळलं नाही. मी तळाच्या दारात होतो, हनुवटी वर करून, डोळे खाली वळवून फटीतून पायांचं बटण शोधत होतो. मागून आवाज आला, "खाली काय सांडलंय?"

चोवीस वर्षांनी. मी असा दचकलो की भलतंच बटण दाबलं गेलं आणि यानातला सगळा माल बाहेर फेकला गेला.

हेडसेट काढून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अंतराळाबद्दल बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. "बटणां किती? आणि खंयचा किती वेळा लागता?" एवढंच विचारलं. मी वाचत गेलो, त्या ऐकत गेल्या, मग खुर्ची ओढून कीबोर्डवरून बोटं फिरवली. माल फेकायच्या बटणाशी आल्यावर थांबल्या. "ह्या बटाण हयसर कोणी ठेवला?" म्हटलं, खेळ बनवणाऱ्यांनी. "तेंका टायपिंग येणा नाय," बाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस त्यांनी माझ्या यानाची फेरमांडणी केली. पुन्हा पुन्हा लागणारी कामं पहिल्या दोन बोटांकडे. क्वचित लागणारी वरच्या ओळीत. आणि जोखमीची सगळी करंगळीकडे. "करंगळी आळशी असते, उगाच उठत नाही. म्हणून जोखीम तिच्याकडे द्यावी." नवख्या बोटाला घर सापडावं म्हणून चार बटणांवर त्यांनी गोंदाने तांदळाची कणी चिकटवली. अख्खा दाणा टोचतो म्हणून कणी. मुंग्या येतील, असं मेधाने सांगून पाहिलं. पाचव्या दिवशी मी खाली न बघता यान टेकवलं. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते जमलं, आणि खोटं कशाला बोलू, सोळाव्या वर्षीच्या त्या निकालाचा सल तिथे निघाला.

मग एक दिवस त्यांनी स्वतःच हेडसेट मागितला. मी आधी डॉक्टरांना फोन केला. ते हसले आणि पाव तास चालेल म्हणाले. मी पट्टा बांधला. बाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "माझे पाय खंय गेले?" म्हटलं, इथे पाय दिसत नाहीत बाई. त्यांनी हळूच डावीकडे मान वळवली, वर नेली, आणि म्हणाल्या, "किती दिसांनी इतक्या लांबचा बघतंय." त्यांच्या डोळ्याला समोरचं जेवढं दिसायचं तेवढं पुरत होतं, बाकीचं त्या मान फिरवून बघायच्या, आणि हा खेळ तर मान फिरवूनच बघायचा होता. मेधा जिन्यात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला खाली गेली.

त्या दिवसापासून रोज चारला पाव तास हा बाईंचा. यानाला त्या मशीन म्हणायच्या. खेळात लढाया होत्या, दरोडे होते, त्यांनी एकदाही गोळी झाडली नाही. "झगडतत ते झगडांदे. माका माल पोचवचो आसा." इकडचं धान्य तिकडे, तिकडची औषधं इकडे. हेडसेटचा आवाज मात्र त्यांना नको असायचा. कानात कटकट होते म्हणायच्या. म्हणून मी आवाज बंद ठेवायचो. पावसाळा सुरू होईपर्यंत त्या यान तळाच्या दारातून आत नेऊ लागल्या होत्या. टेकवण्याच्या वेळी मात्र वेगाचा दांडा मी धरायचो.

आषाढात त्या पडल्या, आणि चूक माझी होती. त्यांची बादली मी नेली होती, ती परत आणून मागच्या दारी वाटेतच ठेवली. बाईंच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, त्या हाताने आणि पावलाने घर ओळखायच्या. त्या वाटेवर बादली कधीच नव्हती. कपाळाला चार टाके पडले. मेधाने मिलिंदला पुण्याला फोन केला, करणं भागच होतं. तो म्हणाला, चतुर्थीला येतो आणि आईला घेऊनच जातो.

तो आला. बाईंच्या घरचा गणपती सात दिवसांचा. पहिला दिवस पूजा, जेवणं, आरत्या यांतच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या लाकडी माटवीची सुटलेली कवंडळं, म्हणजे रानफळं, बाई चाचपून पुन्हा बांधत होत्या, तेव्हा मिलिंदने विषय काढला. मी तिथेच होतो. मिलिंद वाईट मुलगा नाही, उलट फार मायेचा. पुण्यात राहून त्याची भाषा बदलली होती, आईशीही तो पुस्तकी बोलायचा.

"आई, तुझी खोली तयार आहे. कामाला बाई ठेवली आहे दिवसभराला. तुला काही करावं लागणार नाही."

"मिलिंदा, तुझ्या घरात न्हाणीघर खंय ता शोधूक माका सा म्हयने लागतले," बाई म्हणाल्या. "हयसर माझा घर माझ्या हातात आसा. थयसर काय करू? खुर्चेर बसान रवू?"

"हातात आहे ते जुनं घर," मिलिंद म्हणाला. "एक बादली जागा सोडून ठेवली तर कपाळ फुटलं. उद्या पायरी तुटेल, गॅसची शेगडी बदलावी लागेल, दाराला नवं कुलूप येईल. तुझे हात सवयीवर चालतात, आई. नवं काही आलं की ते काय करणार?"

यावर बाईंनी नुसती माटवीची गाठ मारली. खोटी खात्री देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, मिलिंद, उद्या दुपारी चारला आमच्या माडीवर ये. आई नवं काय शिकली ते बघ.

इथे मी शहाणपणा केला. मिलिंदला नीट कळावं म्हणून मी मोठा पडदा जोडला, आणि त्याला ऐकूही यावं म्हणून स्पीकर. बाईंना म्हटलं, आज दांडाही तुम्हीच धरा. त्या बसल्या. परवानगी मागितली, यान वळवलं, तळाच्या दारातून सफाईने आत घेतलं. पाय बाहेर काढले, खाली न बघता. मिलिंद पुढे सरकून बसला होता. चौथरा जवळ आला, अगदी जवळ, आणि यानातून सूचना वाजली. टिंग.

ज्यांनी जुनं मशीन वापरलंय त्यांना सांगायला नको. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते आणि डाव्या हाताने दांडा ढकलून कागदाची गाडी परत ओळीच्या सुरुवातीला न्यायची असते. तीस वर्षं, दिवसाला हजार वेळा. टिंग ऐकताच बाईंचा डावा हात उठला, बाहेर गेला, तिथे त्याला एक दांडा लागला आणि हाताने तो शेवटपर्यंत ढकलला. पूर्ण वेग. यान समोरच्या भिंतीवर आदळलं आणि पडदा काळा झाला.

बाईंनी हेडसेट काढला. त्यांचा डावा हात अजून दांड्यावरच होता, त्याच्याकडे मान वळवून त्या बघत राहिल्या. "हाताक वाटला ओळ संपली," त्या म्हणाल्या.

"हेच मी म्हणत होतो, आई," मिलिंद म्हणाला. तो जिंकल्यासारखा बोलला नाही, त्याचा आवाज एकदम खाली आला होता. लहानपणी पडवीच्या आतल्या खोलीत तो मशीनच्या ज्या घंटीवर झोपायचा, तीच ही टिंग होती. त्याच्याइतकं ते हातांचं वळण कोणी ओळखलं नसेल.

मला तर माझं तोंड कुठे लपवू असं झालं. बाई घरी गेल्यावर मी त्यांच्या मागे गेलो. म्हटलं, माझंच चुकलं, आवाज बंद करतो, नाहीतर थ्रॉटल उजवीकडे बसवतो, डाव्या हाताला लागणारच नाही. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. "दांडो हलवू नको," त्या म्हणाल्या. "आवाजय रवांदे. हात माझो आसा, तेका मी शिकवतंय." मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून मिलिंदला म्हणाल्या, "विसर्जनापर्यंत माका वेळ दी. तवसर नाय जमला तर मी पुण्याक येतंय. मगे बोलूचंय नाय."

मिलिंद "बरं" म्हणाला. त्या क्षणी मला वाटलं, बाईंनी आपलं घर एका डाव्या हातावर पणाला लावलं. आणि तो हात सत्तरीला टेकलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिकवणी सुरू केली, आणि विद्यार्थी होता डावा हात. "नुसता उठू नको म्हणून हात ऐकत नाही," त्यांनी मला पडवीतल्या मराठीत समजावलं. "त्याला त्याच आवाजावर दुसरं काम द्यावं लागतं." टिंग झालं की हात बाहेर न जाता स्वतःकडे ओढायचा, मूठ पोटाशी. दांडाही तसाच ओढला की वेग कमी होतो. पहिला धडा, बसून. दुसरा, हातात काम असताना. तिसरा, बोलता बोलता. आवाज कधी येणार ते हाताला कळता कामा नये, म्हणून वाजवणारा माणूस हवा होता. मी स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्या वाती वळायच्या, मी मध्येच टिंग करायचो. हात सरळ बाहेर जायचा आणि वात उलगडायची. त्या पुन्हा वळायला घ्यायच्या.

दोन दिवस हेच. आरतीला बायका यायच्या, वाटी वाजवत फिरणाऱ्या मला बघून हसायच्या. बाई डाव्या हाताबद्दल एखाद्या मंद पण गुणी मुलाबद्दल बोलावं तशा बोलू लागल्या. "आज बरो होतो. सातदाच उठलो." गणपतीच्या सहाव्या दिवशी सकाळी मला कामाचा फोन आला म्हणून मी वाटी ओट्यावर ठेवून बाहेर गेलो. आत टिंग ऐकू आलं. डोकावून बघितलं तर मिलिंद. उंबऱ्यावर बसला होता, वाटी गुडघ्यावर, नजर आईच्या हातावर. त्याने पुन्हा वाजवली. हात उठला, अर्ध्यावर थांबला, आणि कोणीतरी मागून ओढल्यासारखा परत आला. "पुन्हा," बाई म्हणाल्या. त्यानंतर वाटी माझ्याकडे आलीच नाही. दीड दिवस तो आईच्या मागे मागे फिरत होता, विहिरीपाशी, तुळशीपाशी, जेवताना, आणि एक माणूस आपल्याच हाताची तीस वर्षं मोडतो कशी ते बघत होता. त्याला हरायचं होतं की जिंकायचं होतं, ते त्याला तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

सातव्या दिवशी विसर्जनाआधी, दुपारी चारला, बाई माडीवर आल्या. नवी साडी नेसल्या होत्या, परीक्षेच्या दिवशी नेसायच्या तशी. स्पीकर चालू. मिलिंद त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिला, बसला नाही. परवानगी, वळण, दार. पाय बाहेर. चौथरा खालून वर येत होता. टिंग.

डावा हात हलला. मी बघितला तो हलताना. मुठीने दांडा धरला आणि तो सावकाश, पार स्वतःपर्यंत ओढला. यान चौथऱ्यावर टेकलं, एकदा डुललं आणि स्थिर झालं.

बाईंनी हेडसेट काढला नाही. तसंच पुढे बघत त्यांनी पडवीतल्या आवाजात विचारलं, "चुका किती?"

"एकही नाही," मिलिंद म्हणाला. मग त्याने आईचा डावा हात दांड्यावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि रडला. मीही रडलो. फक्त बाई रडल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "आरतीक उशीर होता."

दुसऱ्या दिवशी मिलिंद एकटाच पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "आई, मी महिन्याला येईन. आणि येताना काही नवं आणलं तर..." "तर आधी माका हात लावूक दी," बाई म्हणाल्या. आणि त्याने ते पाळलं. पुढे शेगडी बदलली तेव्हा दोन दिवस सुट्टी काढून आला, आई नव्या शेगडीवर भात करून दाखवेपर्यंत राहिला. मागच्या दारी कठडा बसवला, तोही तिला विचारून.

त्यानंतर तीन वर्षं बाई त्या घरात राहिल्या. आमच्यासाठी नियम एकच, त्यांच्या घरातली वस्तू न सांगता हलवायची नाही. मेधा रोज सकाळी गडग्यावरून हाक मारायची आणि त्या आतून उत्तर द्यायच्या, एवढीच देखरेख. दुसऱ्या वर्षी डावा डोळाही मालवत गेला आणि हेडसेटमध्येही काही दिसेना. त्याचं दुःख त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, मग कीबोर्ड मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसू लागल्या. मी हेडसेट लावून बघायचो आणि सांगायचो, दिवे, पाय, परवानगी, आणि त्यांची बोटं माझा शब्द संपायच्या आत बटणावर असायची. इतकं चांगलं यान मी एकट्याने कधीच चालवलं नाही. आयुष्यात मला ज्यांचा अभिमान वाटला अशी माणसं थोडी आहेत. रोज चार वाजता मी त्यांतल्या एका माणसाच्या शेजारी बसलेला असायचो, आणि हे मला तेव्हाच कळत होतं, नंतर नव्हे.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी मेधाच्या हाकेला उत्तर आलं नाही. बाई आतल्या खोलीत खुर्चीवर होत्या. त्यांनी उठून तोंड धुतलं होतं, देवापाशी दिवा लावला होता, चहा करून घेतला होता. शेगडी बंद होती आणि कप विसळून पालथा ठेवलेला होता. मिलिंद दुपारपर्यंत पोचला. त्याने ते सगळं एकदा फिरून बघितलं आणि कपाला कोणाला हात लावू दिला नाही.

बाराव्याला घर भरलं होतं. मिलिंदची आते आरोंद्याहून आली होती, म्हातारी, मनाने चांगली. विड्याचं पान जमवता जमवता ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शेवटाक बापडी एकटीच होती."

मिलिंद पाणी वाढत होता. त्याने तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती.

"एकटी होती, आते," तो म्हणाला. "बापडी न्हय."